थंडीतलं माथेरान

आमच्या मागच्या अंगणात उभं राहून मान वर केली की माथेरानचा कडा दिसायचा. दिवस मावळला की कड्याच्या काठावर चार-पाच दिवे लागायचे आणि मे महिन्यात ते वाढून वीस-पंचवीस व्हायचे. आय त्या दिव्यांवरून हंगाम ओळखायची. "दिवं वाढलं, सायेब लोक आले," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली निम्मी माणसं पायवाटेनं डोंगर चढू लागायची. कोणी भाजी घेऊन, कोणी कोंबड्या घेऊन, कोणी हॉटेलात भांडी घासायला. माझे वडील लग्नाआधी पाच हंगाम तिथं पाणी भरत होते. पुढे त्यांना भिवपुरीच्या पावर हाऊसमध्ये मदतनीसाची नोकरी लागली, ते सायकलवरून कामावर जाऊ लागले आणि डोंगर त्यांचा सुटला. पण आमच्या घरात माथेरान म्हणजे कामाचं ठिकाण, ते कामाचंच राहिलं. तिथं माणसं नुसती फिरायला जातात हे आम्हाला ठाऊक होतं. ती माणसं आमच्यातली नव्हती, एवढंच.

म्हणून शेलूच्या आत्यानं जेव्हा "यंदा नाताळाच्या सुट्टीत आपण सगळी माथेरान बगायला जाऊ" असं काढलं, तेव्हा आधी कोणाला ते खरंच वाटलं नाही. मी तेव्हा सातवीत होते. रविवार होता, आत्या शेतातल्या वालाच्या शेंगा पिशवीभरून घेऊन आली होती आणि अंगणात पोपटी लावायची, म्हणजे त्या शेंगा मडक्यात भाजायची, तयारी चालली होती. वडील मडक्यात भांबुर्डीचा पाला घालत होते, मी शेंगांना मीठ चोळत होते, आय अंडी पुसून देत होती. आय हसली. म्हणाली, "डोक्यावर वझं नसताना तिथं जायाचं? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे," आत्या म्हणाली. "जल्मभर त्यांची वझी व्हायली आपन. एकदा रिकाम्या हातानं जाऊ की. मे महिन्यात तिथं पाय ठेवाया जागा नसते. थंडीत सामसूम. वसंता का कोण, आमच्या मालकांच्या वळखीचा हाय, खोली देतो बोललाय. आन् पोरींना मिनी गाडीत बसवू."

मिनी गाडी हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. नेरळहून डोंगरावर जाणारी ती छोटी गाडी मी लांबून पाहिली होती, शिट्टी ऐकली होती. वर्गातल्या एकाही मुलीनं तिच्यात पाय ठेवलेला नव्हता. मडकं उपडं करून वर गोवऱ्या-पेंढा पेटवला, आणि तो जळून विझेपर्यंत आत्या आम्हाला डोंगरावरच्या गोष्टी सांगत बसली. लाल मातीचे रस्ते, घोडे, माणसं ओढत नेतात त्या रिक्षा, केवढ्यातरी उंचीवरून दिसणारं खालचं जग. मडकं उघडलं तेव्हा त्या वाफाळलेल्या शेंगांना जो वास आला तो मला अजून येतो. आता कर्जतच्या रिसॉर्टांमध्ये मुंबईच्या लोकांना पोपटी खायला घालतात, पाटी लावतात. मी एकदा नातवंडांबरोबर खाल्ली. चव तीच होती, पण माझ्या घशाखाली फारशी उतरली नाही. मुलांना वाटलं दातांमुळे.

आत्याबद्दल इथं सांगायला हवं, कारण त्या वयात माझं तिच्यावर आयपेक्षाही जास्त प्रेम होतं. ती वडिलांची थोरली बहीण. रुंद हाडाची, मोठ्यानं हसणारी, दातांना मिश्री लावून बोलता बोलता मध्येच थुंकायला उठणारी. ती घरात आली की वडीलसुद्धा लहान व्हायचे. तिची वालाची शेतं शेलूला रुळांच्या अगदी कडेला होती. आज तिथं सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि खिडक्यांना कपडे वाळत असतात. तेव्हा थंडीत तिथून जाताना नुसता हिरवा वास यायचा. आत्या मला 'मंदे' म्हणायची ते अशा सुरात, की ती मला काही देणारच आहे असं वाटायचं. बहुतेक वेळा ती काहीतरी द्यायचीच.

आणि माझी बहीण, शोभाताय. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्या गावातून मॅट्रिक पास झालेली ती पहिली मुलगी, आणि आता कर्जतच्या कॉलेजात बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं कुठून आणलं ठाऊक नाही. आमच्या घरात नर्स कोणी पाहिलेली नव्हती, एका लस टोचायला येणाऱ्या बाईंखेरीज. ती माळ्यावर बसून अभ्यास करायची. माळ्यावर भाताची कणगी, कांदे आणि शोभाताय, असं वडील चेष्टेनं म्हणत. पण त्या दिवाळीत चेष्टा संपली होती. आत्यानं एक स्थळ आणलं होतं, पाहुणे ओसरीवर येऊन बसले, आणि शोभाताय माळ्यावर चढली ती शिडी वर ओढून घेऊन बसली. खालून हाका मारून सगळे दमले. पाहुणे चहा पिऊन गेले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत, आणि नंतर आठवडाभर शोभातायशी बोलले नाहीत. मग ते प्रकरण मिटलं असं आम्ही समजलो. वडील बोलू लागले. आत्या आली, तीही नेहमीसारखी हसली. "पोरगी शिकती हाय, शिकू दे," असंसुद्धा म्हणाली. मी ते स्वतः ऐकलं.

तर माथेरानची तयारी सुरू झाली. तसली तयारी आमच्या घरात लग्नाकार्यालाही झाली नव्हती. शाळेत मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अगं, थंड हवेच्या ठिकाणी लोक उकाड्यात जातात. तुम्ही थंडीत कुडकुडायला चाललात?" सगळा वर्ग हसला. मला काहीच वाटलं नाही. मी घरी येऊन स्वेटरचा विषय काढला. घरात स्वेटर एकच होता, वडिलांचा, कामावरचा, कोपराला उसवलेला. वडिलांनी पावर हाऊसच्या क्वार्टर्समधल्या एका साहेबांच्या बायकोकडून त्यांच्या मुलीचा लाल स्वेटर माझ्यासाठी मागून आणला. त्याला पांढरी बटणं होती आणि नॅप्थॅलीनच्या गोळ्यांचा वास होता. मी तो तीन दिवस आधीपासून घालून फिरत होते, दुपारच्या उन्हातसुद्धा. आयनं शेंगदाण्याचे लाडू वळले, सुक्या जवळ्याची चटणी परतली, तांदळाच्या भाकरी किती लागतील याचा अंदाज बोटांवर दहा वेळा केला. जाताना मिनी गाडीनं जायचं, उतरताना आपल्या पायवाटेनं चालत थेट घरी यायचं, असं ठरलं. दोन दिवस, एक मुक्काम.

फक्त शोभाताय येईना. तिची जानेवारीत कॉलेजातली परीक्षा होती. "तुमी जाऊन या. मी म्हशीचं बगते, अब्यास करते," असं तिनं सरळ सांगितलं. आयनं तिच्यासमोर ते ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून पाणी आणत असताना आय माझ्याबरोबर आली, जी एरवी कधी यायची नाही, आणि वाटेत कळशी खाली ठेवून म्हणाली, "मंदे, तू सांग तिला. ती तुजं ऐकते. ती नाय आली तर तुजा बाबा सगलंच मोडील. मग कसली गाडी आन् कसलं काय."

मी घाबरले. पुढचे दोन दिवस मी जे केलं ते आठवलं की आज माझीच मला लाज वाटते. मी शोभातायच्या मागे लागले. महिनाभर तिच्या वाटणीचं पाणी भरीन म्हटलं, तिची वेणी घालीन, शेण काढीन. ती हसायची आणि पुस्तकात बघायची. मग मी रुसले. मग मी तो लाल स्वेटर काढून तिच्यासमोर फेकला आणि म्हटलं, "तू नाय आलीस तर मीपन नाय जाणार. परत देऊन टाका तो." आणि खरोखरचं रडले, हुंदके देऊन. शिडीच्या वरच्या पायरीवर बसून तिनं मला बराच वेळ रडू दिलं. शेवटी खाली उतरली, स्वेटर उचलला, माझ्या डोक्यातून घातला आणि बटणं लावत म्हणाली, "येते गं बाय. गप. पुस्तक घेऊन येते, तिथं बसून वाचीन. तू तुजी गाडी बग." तिला माझ्या रडण्याचं इतकं वाटलं. ती तशीच होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी लाडूंचा डबा पिशवीत ठेवायला गेले, तर पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली नवी साडी होती. पोपटी रंगाची, जरीच्या काठाची. आयनं माझ्या हातातून कागद ओढला आणि पुन्हा गुंडाळला. "शोभाला बोलू नको," ती म्हणाली. "तिच्यासाटीच हाय. तिथं गेल्यावर देऊ." माझ्या मनात एवढंच आलं की ताई खुश होईल. आयनं मला तिच्या गुपितात घेतलं याचाच मला अभिमान वाटला. मी ते गुपित दीड दिवस पोटात धरून ठेवलं, आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते किती अवघड असतं हे ज्यांना मुली आहेत त्यांना सांगायला नको.

नेरळला आत्या आम्हाला येऊन मिळाली. ती नऊवारी नेसून, डोक्यावर शाल घेऊन नटून आली होती. मिनी गाडी माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती आणि माझ्या कल्पनेपेक्षा हळू. एका वळणावर मी उतरून चालले असते तरी गाडीच्या पुढे गेले असते. पण ती वळणं! डावीकडची दरी उजवीकडे यायची, मघाशी वर दिसलेलं झाड आता पायाखाली यायचं. माकडं रुळांच्या कडेला बसून आमच्याकडे पाहत होती. वडील खिडकीबाहेर बोट करून सांगत होते, इथं मी एकदा पाण्याचा डबा घेऊन घसरलो होतो, इथं आमी बसून भाकरी खायचो. ते इतकं कधी बोलत नसत. शोभातायनं पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं होतं, पण तिनं एकही पान उलटलं नाही. तिच्या नाकाचा शेंडा थंडीनं लाल झाला होता आणि ती माझ्याइतकीच बघत होती.

वर खरंच सामसूम होती. निम्म्या हॉटेलांची दारं लावलेली, घोडे पाठीवर गोणपाट घेऊन उन्हात उभे, रिक्षा ओढणारे लाल धुळीत बसून विड्या ओढत होते. ते वडिलांना ओळखायचे. "काय रं, आज वझं कुटं?" असं एकानं विचारलं आणि वडील छाती काढून म्हणाले, "आज फिराया आलो." दुपारी आम्ही चालत कड्यावर गेलो. खाली आमचं सगळं आयुष्य पसरलेलं होतं. भाताची कापलेली पिवळी खाचरं, मधून जाणारी रुळांची रेघ, समोरच्या डोंगरावरून पावर हाऊसला उतरणारे पाइप. शोभातायनं आमचं घर शोधून काढलं. "त्ये बग चिंचेच्या बाजूला, कौलं दिसतात," ती म्हणाली, आणि मला जवळ ओढून माझी हनुवटी धरून माझं तोंड तिकडं वळवलं. "आन् त्यो रस्ता कर्जतला जातो. त्याच्यापुडं खोपोली. त्याच्यापुडं पुना. मंदे, मी पुन्याला जानार नर्सिंगला. तू सुट्टीत येशील ना?" वारा इतका होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं. मी ओरडून "हो" म्हटलं. आमच्या दोघींच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता असं मी म्हणते, तेव्हा तिच्या वतीनं बोलायचा मला हक्क नाही हे मला कळतं. पण मी ते तिच्या तोंडावर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं शोभातायला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं. खोली एका हॉटेलच्या मागे, नोकरांच्या चाळीत होती. बाहेर धुकं होतं. शोभाताय केस पुसत आत आली तेव्हा आय पिशवीच्या तळातून तो कागद काढत होती. कागद उलगडला, साडी खाटेवर पडली. आत्या म्हणाली, "नेस. चांगली मानसं हायत. आपल्याला घरी बोलावलंय."

शोभातायनं साडीकडे पाहिलं. मग आयकडे. आय साडीची घडी सरळ करत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

आणि मी हसत होते. दीड दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला होता; ताईला नवी साडी मिळाली होती. आत्या काय म्हणाली ते माझ्या कानांनी ऐकलं होतं, पण डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी दोन्ही हात तोंडावर धरून, गुपित फुटल्याच्या आनंदानं हसत होते. शोभातायचा चेहरा बदलताना पाहिला तेव्हा कुठं माझं हसू थांबलं. तोवर तिनं पाहायचं ते पाहिलं होतं.

ती एकच वाक्य बोलली, तेही आयला. "म्हनून मला हितं आनलंत."

"घरी आस्तीस तर शिडी वर घेतली आस्तीस," आत्या म्हणाली. ती रागानं बोलली नाही. लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तशी समजावून बोलली. "इथं कुठं चढशील, पोरी?"

वडील दाराबाहेर उभे होते, पाठमोरे. ते आत आले नाहीत.

मुलाचं घर म्हणजे बाजारातलं किराणा दुकान आणि मागे दोन खोल्या. मूळची माणसं खालापूरकडची, चौकची; पिढीभरापूर्वी दुकानासाठी वर आलेली. मुलगा वसंत, म्हणजे आत्यानं ज्याचं नाव घेतलं होतं तोच, खोलीची सोय करणारा. सावळा, गरीब तोंडाचा, पंचविशीचा. तो आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. त्यानं पोह्यांच्या बशा देताना दोन वेळा चमचा खाली पाडला. त्याला वाईट म्हणायला माझ्याकडे कधीच काही सापडलं नाही. त्याच्या आईनं शोभातायला भाकरी येते का, शिवण येतं का, हे विचारलं, तिच्या हाताची बोटं उघडून पाहिली. शोभातायनं उत्तरं दिली. तिचा आवाज अगदी साधा होता. मग ती आपणहून म्हणाली, "माजी बारावीची परीक्षा हाय. पुडं मला नर्सिंगला जायाचंय."

मुलाच्या वडिलांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "परीक्षा देईल ती. हितून देईल. त्याला काय."

"देऊ दे की," मुलाचे वडील म्हणाले. "आमची ना नाय. पन लगीन माघात उरकू. पुडं आमचा हंगाम चालू होतो."

दहा मिनिटांत सुपारी फुटली. मला खडीसाखर दिली. मी ती मुठीत धरून बसले आणि ती हळूहळू वितळून माझ्या हाताला चिकटली. शोभातायनं सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर आपली जागा बदलली. आतापर्यंत ती माझ्या शेजारी बसली होती.

उतरताना आम्ही ठरल्याप्रमाणे पायवाटेनं आलो. आत्या वरच राहिली, तिला बोलणी करायची होती. शोभातायनं साडी बदलली होती, पुस्तक छातीशी धरलं होतं आणि ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. दगडांची, सुक्या पानांची वाट; आयचा पाय दोनदा घसरला. मी धावत जाऊन शोभातायला गाठलं.

"ताय, मला ठाव नव्हतं."

ती चालत राहिली.

"तुजी शपथ. मला ठाव नव्हतं."

"साडी ठाव होती ना?"

"साडी ठाव होती. पन..."

"तू हसलीस, मंदे," ती म्हणाली. थांबली नाही, मागेही वळली नाही. "आय रडवेली झालेली. तू हसलीस."

अर्ध्या वाटेवर झऱ्याजवळ आम्ही भाकरी खाल्ली. शोभातायनंच भाकरी वाढली, सगळ्यांना जवळ्याची चटणी घातली, माझ्या वाटणीचं अंडं सोलून माझ्या हातावर ठेवलं. फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. वडील लांब एका दगडावर बसून खात होते, आणि त्यांनी मध्येच उठून पुन्हा डोंगराकडे पाहिलं, म्हणाले, "मानसं चांगली हायत." खाली उतरेस्तोवर माझ्या पायाला फोड आले होते, आणि मला ते सांगायला कोणी नव्हतं.

माघात लग्न झालं. परीक्षेच्या वेळी सासूचा पाय मोडला, दुकानात माणूस नव्हता, मग पुढच्या वर्षी बघू असं झालं, आणि पुढच्या वर्षी शोभाताय बाळंतीण होती. तिनं दुकान चालवलं, वाढवलं, तीन मुलं शिकवली. वसंतभावोजी तिला विचारल्याशिवाय पाव किलो साखरेची पुडी बांधत नसत. माणसं म्हणतात, नशीब काढलं पोरीनं. काढलं असेल. मी तिला कधी विचारलं नाही, कारण तिनं मला ती मुभाच दिली नाही. ती माझ्याशी वाईट वागली असंही नाही. माझ्या लग्नात तिनं सगळं केलं. मी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा पेढे घेऊन आली. एक मुलगी उजवली, म्हणून दुसरीला वडिलांनी शिकू दिलं. हे तिला कळत होतं आणि मलाही. पेढा माझ्या तोंडात घालताना ती म्हणाली, "खा, मंदाताई." 'मंदे' म्हणणं तिनं त्या झऱ्यावरच्या वाटेवर सोडलं ते सोडलंच. धाकट्या बहिणीला सासरची माणसं हाक मारतात तशी हाक ती मला आजही मारते.

आयवडिलांना तिनं माफ केलं. वडील गेले ते तिच्या मांडीवर. आय शेवटची दोन वर्षं थंडी सोडून तिच्याकडेच असायची. थंडीत ती माझ्याकडे यायची, तेव्हा एकदा मी तिला विचारलं. आम्ही दोघीच होतो, ती ऊन खात पायरीवर बसली होती. "आय, निदान मला तरी खरं सांगायचं होतंस. मी एवढी तिच्या मागं लागले, रडले, मला का नाय सांगितलंस?"

आयनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुला सांगून कसं चालंल? तुला खोटं रडता आलं आस्तं का?" ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. तिनं ते माझं कौतुक म्हणून सांगितलं होतं. मी उठून आत गेले आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच होती ती पुन्हा घासली. माझ्या खरेपणाचा त्यांनी दोरी म्हणून उपयोग केला होता, आणि त्याचं तिला आयुष्याच्या अखेरीसही काही वाटत नव्हतं. आत्याला मी हे विचारू शकले नाही. तिच्या घरी जाणंच मी हळूहळू बंद केलं. ती गेली तेव्हा दहाव्याला गेले आणि कोरड्या डोळ्यांनी परत आले. लोकांना ते दिसलं.

मी आता नोकरीतून मोकळी झाले त्याला काही वर्षं झाली. वसंतभावोजी दोन वर्षांपूर्वी गेले. माझ्या मुलांनी या नाताळात महाबळेश्वरची टूम काढली आहे. उन्हाळ्यात गर्दी असते, थंडीत जाऊ, शोभामावशीलाही घेऊ, तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या, असं म्हणतात. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळं सांगितलं, तिनं नीट ऐकून घेतलं. कुठं उतरणार, किती दिवस. मग विचारलं, "कोण कोण हाय?"

मी नावं सांगितली. दोन मुलगे, सुना, तीन नातवंडं, मी.

"आणि तिथं कोण भेटणार हाय?"

"कोणी नाही."

"कोणाच्या वळखीचं हॉटेल?"

"कोणाच्याच नाही, ताय. मोबाइलवर बघून घेतलंय."

सत्तरीकडे झुकलेली बाई, जिला आता कोणी कुठं नेऊन उभं करणार नाही, ती मला हे विचारत होती. आणि मला कळलं की ती गेली पन्नासेक वर्षं घरातून पाय बाहेर टाकण्याआधी सगळ्यांना हेच विचारत आली असणार. दुकान कोण बघेल, गुडघे दुखतात, ही जी कारणं ती आम्हाला द्यायची, त्यांच्या आत हे होतं.

"बरं," ती म्हणाली. "सांगते."

त्याला आठ दिवस झाले. धाकट्या मुलानं परवा विचारलं, नातीला देऊ का फोन, ती लाडानं बोलली की मावशी ऐकेल. मी त्याच्या हातून फोन काढून घेतला. तिला यायचं असेल तर ती येईल, म्हटलं. या वेळी तिला कोणी तयार करायचं नाही.